वही कुठे आहे?

दोनशे पानी, एकरेघी, कव्हरवर मोर. घणसोली स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी ती २०२२च्या जूनमध्ये घेतली. शाळा उघडण्याची गर्दी होती आणि दुकानदार मला विचारत होता, "मुलगा कितवीला?" पहिल्या पानावर कुणीतरी क्रूस काढलाय आणि त्याखाली बॉलपेनने दोनदा गिरवून लिहिलंय, 'विनंत्या'.

चर्चमधल्या आमच्या नोकरदार तरुणांच्या गटाची प्रार्थना संपत आली की ही वही हातोहात फिरते. ज्याला जे मागायचं ते तो लिहितो. नाव लिहायचं नाही, असा नियम आहे. पण अक्षरं सगळ्यांना ओळखू येतात, त्यामुळे नियमाला तसा अर्थ नाही. मग एकजण मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक ओळीनंतर बाकीचे म्हणतात, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आईची शुगर. जर्मनीचा व्हिसा. सीए फायनल, चौथा अटेम्प्ट. बहिणीच्या सासूला सुबुद्धी. पीएफ निघावा. लोन. (नुसतंच 'लोन'. मंजूर व्हावं की फिटावं ते देवाने ठरवायचं.) मॅनेजर बदलावा. झोप.

मीटिंग धर्मशिक्षणाच्या खोलीत होते. वही तिथेच कपाटात ठेवली, तर रविवारी पहिली-दुसरीची मुलं तिच्यावर हात चालवतात. एका पानावर अजून डायनॉसोर आहे. म्हणून वही कुणीतरी घरी न्यायची, असं ठरलं. दुकानातून मी आणलेली, तेव्हा मीच. फादरांनी नेमणूक केली नव्हती की मतदान झालं नव्हतं.

*

मी वसईची. गावाचं नाव लिहिलं तर तीन मिनिटांत कुणीही आमचं घर शोधून काढेल, म्हणून लिहीत नाही. पप्पांची केळीची वाडी आहे. घरात कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी. आमच्याकडे धर्मग्रामाशी (एका चर्चखालचा सगळा समाज) 'जोडलेलं राहणं' असा काही प्रकार नाही. कोण स्वतःच्या गल्लीशी जोडलेलं राहतं? सकाळी घंटा होते, माणसं निघतात. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली तर देवाच्या आधी शेजारच्या काकूंना कळतं आणि त्या दुपारी ताटली परत द्यायच्या निमित्ताने येऊन विचारतात, "काय गं, बरं नाही का?"

२०१९ साली ऐरोलीत नोकरी लागली. वसईहून रोज जाणं-येणं करून बघितलं. एस.टी. घोडबंदरला तुंबली की आत बसून तिन्ही जपमाळा होतात आणि चौथीही सुरू करता येते. दीड महिन्यात हात टेकले. घणसोलीत दोन मुलींबरोबर भाड्याचा फ्लॅट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा असा रविवार आला की मी मिस्सेला गेले काय, न गेले काय, कुणाला पत्ता नव्हता.

इकडची मिस्सा इंग्रजीतली. सगळं कळत होतं. तोच विधी, तेच वाचन, तोच ख्रिस्तप्रसाद. पण उभं राहून इंग्रजीत उत्तरं देताना मला सारखं वाटायचं की आपण ऑफिसच्या टाउनहॉलला आलोय आणि आता कुणीतरी तिमाहीचे आकडे सांगेल. पापनिवेदनाची तर मोठीच पंचाईत. रिक्षात बसून मी पापांचं भाषांतर करायचे. खोटं बोलले, सोपं आहे. आळस, जमेल. पण वहिनीच्या नव्या किचनकडे बघून पोटात जे झालं त्याला इंग्रजीत काय म्हणायचं? एकदा मी जाळीपुढे अशी अडखळत असताना फादर म्हणाले, "मराठीत बोल की गं." फादर गोव्याचे, त्यांचं मराठी अर्धं कोकणी. पण त्या दिवशी मी भडाभडा बोलले. शिक्षा म्हणून तीन 'नमो मारिया' मिळाले आणि वर म्हणाले, "शुक्रवारी तरुणांचा ग्रुप असतो, जा."

तरुणांचा म्हणजे कुणाचा, हा वेगळा विषय आहे. धर्मग्रामात युथ असतो, तो बहुतेक दृढीकरणाचा संस्कार झालेल्या मुलांचा. दहावी, बारावी, कॉलेज. त्यांच्यात पंचविशीची नोकरदार बाई बसली की ती आपोआप 'दीदी' होते आणि तिला पिकनिकला डब्यांवर लक्ष ठेवायला नेतात. पुढे लग्न झालं की जोडप्यांचा गट. या दोहोंच्या मध्ये जी दहा वर्षं असतात (आजकाल कधीकधी बारा-पंधराही), त्यात माणूस कुठे बसणार? इंग्रजीत त्याला 'यंग ॲडल्ट' म्हणतात. मराठीत 'तरुण प्रौढ' म्हणून बघितलं तर कंदिलाच्या उजेडातली रात्रशाळा डोळ्यांपुढे येते. आम्ही नुसतं 'शुक्रवार' म्हणतो. "शुक्रवारला येतेस का?" पहिला आणि तिसरा शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ, पहिलीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे छातीला लावून.

ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलच्या पट्ट्यात कामाला येणारे सगळे. एक ठाण्याचा ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचा मूळचा कॅथलिक), त्याच्याकडे गिटार. दोन मल्याळी बहिणी नेरूळहून. एक मंगळुरी. अंबरनाथची ताई, घर तमिळ पण मराठी अंबरनाथची, खणखणीत. महापेच्या एका कंपनीत अकाउंट्सला. आणि श्रीरामपूरचा एक मुलगा, रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला. नावं लिहीत नाही, ते हे वाचतात आणि मग शुक्रवारी माझा हिशोब करतात.

प्रार्थना इंग्रजीत, गाणी हिंदीत, भांडणं मराठीत अशी साधारण वाटणी आहे. उत्स्फूर्त प्रार्थना करताना आमचे काहीजण "लॉर्ड, वी जस्ट" अशी सुरुवात करतात आणि पुढे प्रत्येक वाक्यात तो 'जस्ट' येतो. मी एकदा मोजले, एका प्रार्थनेत चौदा. मोजणं हे पाप आहे का ते विचारायचं राहून गेलंय. विनंत्यांची वही मात्र पहिल्या दिवसापासून बहुतेक मराठीत भरली. असं कुणी ठरवलं नव्हतं. मागायची वेळ आली की माणूस घरच्या भाषेवर येतो आणि मल्याळी बहिणी मल्याळममध्ये लिहितात. त्यांचं वाचून दाखवायला त्याच लागतात. त्या काय मागतात ते आम्हाला आजवर कळलेलं नाही, पण आम्ही मोठ्याने "ऐक" म्हणतो.

श्रीरामपूरच्या मुलाबद्दल एक सांगायला हवं. तो आला त्या पहिल्या महिन्यात चहाच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" आम्ही वसईवाले यात काही कमी नाही. कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, हे आम्हाला पत्रिकेतल्या रकान्यासारखं पाठ असतं आणि लग्नाचा विषय निघाला की बायबल बाजूला राहतं. तो हसून म्हणाला, "चर्चमध्ये आम्ही कॅथलिक. गावात अजून आजोबांची जात. आणि तहसीलदाराकडे गेलं की दोन्ही नाही." १९५०चा तो आदेश आहे ना, अनुसूचित जातीचा, त्यात पुढे १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. हे मला तोवर धड ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं धर्मशिक्षण घेऊन! त्या दिवशी वही फिरली तेव्हा कुणी काही लिहिलं नाही. पुढच्या वेळी त्याने स्वतः लिहिलं, 'धाकट्या भावाची स्कॉलरशिप'. ती अजून बाकी आहे.

*

लॉकडाउनचं थोडक्यात सांगते, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. आम्ही गूगल मीटवर भेटायचो. अर्धे जण कॅमेरा बंद ठेवून भांडी घासायचे, आवाज यायचा. ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही सातजण मास्क लावून त्या बुटक्या बाकांवर बसलो. सातच. बाकीच्यांची सवय मोडली होती.

त्यानंतरची एक सहल मात्र सविस्तर सांगायची आहे. सहल म्हणजे ठाण्याला, चार स्टेशनं. एप्रिल २०२३मधला रविवार. गिटारवाला म्हणाला, "तुम्ही सगळे ठाण्याला गाडी बदलायला येता. एकदा उतरून बघा." तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सा ऐकायची आणि मग खायचं. "आधी मिस्सा, मग मिसळ" हा विनोद त्याने ठाणे स्टेशनापासून मामलेदारच्या रांगेपर्यंत अकरा वेळा केला.

मिसळीचा ठसका शमवायला आम्ही तलावाच्या कठड्यावर बसलो, तेव्हा त्याने ठाण्याच्या हुतात्म्यांची गोष्ट सांगितली. मी वसईत वाढलेली. आमच्याकडे गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मून १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेलेला संत. तो म्हणजे आम्हाला शेजारच्या आळीतला वाटतो. ठाण्याचं काही ऐकलंच नव्हतं. तर १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या किनाऱ्याला लागले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि चौथा डेमेट्रियस, तो जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. निघाले होते चीनला. इथे त्यांना मारलं. मागाहून ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्याने लिहून ठेवलंय की तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. हे चौघं त्यांच्यातल्याच एका घरी उतरले होते. त्यांना पुरलं कुठे, तर सोपाऱ्याला. नालासोपारा! ज्या स्टेशनात मी विरार लोकलच्या दाराशी चेंगरून शिव्या ऐकल्यात, तिथे. आणि ओडोरिकने मग त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनला पोचवल्या. जायचं होतं तिथे ते पोचले, पण असे.

"म्हणजे ट्रान्झिटमध्ये अडकले," श्रीरामपूरवाला म्हणाला.

"चौघं तीन-चार गावचे," ताई म्हणाली. "एकमेकांशी बोलत कुठल्या भाषेत असतील?"

"लॅटिनमध्ये. नाहीतर तुझ्यासारखं, अंबरनाथच्या मराठीत."

मला मात्र ती पंधरा घरं चिकटली. हुतात्म्यांची नावं राहिली, सण राहिला. त्या पंधरा घरांचं काय झालं? ज्यांच्याकडे पाहुणे येऊन उतरले आणि मारले गेले, ते लोक दुसऱ्या दिवशी काय करत होते? पाणी भरत असतील. पुढच्या रविवारी ते एकत्र जमले का? आमच्या गटाच्या यादीत तेव्हा सतरा नावं होती. पंधरा घरं म्हणजे आमच्यापेक्षा फार मोठं काही नव्हे. हुतात्म्यांची ७०० वर्षं भरली ती २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, चर्चना कुलूप होतं तेव्हा.

*

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

नोव्हेंबर २०२४. पप्पा वाडीत केळीला आधार बांधत होते आणि खालीच बसले. मुंबईत एका हॉस्पिटलात आणलं, बायपास सांगितली. रात्री दोन वाजता मी शुक्रवारच्या ग्रुपवर लिहिलं. सकाळपर्यंत एकेचाळीस जोडलेले हात. (यादी सतराची, ग्रुपवर माणसं त्रेपन्न. कधीतरी आलेले कुणी ग्रुप सोडत नाहीत.) एक जळणारी मेणबत्ती, हलणारी.

अकरा दिवस पप्पा तिथे होते. गावाहून माणसं येत होती. आमच्या आळीच्या लघु समूहाने (चर्चने केलेला शेजारच्या घरांचा गट) वहीत मांडून पाळ्या लावल्या होत्या. आज अमुक घरचे, उद्या तमुक. कुणी पेज आणली, कुणी नुसतंच येऊन बाकावर बसून विरारची शेवटची गाडी पकडून गेलं. कुणाला बोलवावं लागलं नाही. शुक्रवारचं कुणी आलं नाही.

मला राग आला. आणि मला राग आलाय हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घराण्यात राग हा लोणच्यासारखा मुरवत ठेवायची पद्धत आहे.

पप्पा घरी आले, बरे झाले, जानेवारीत वाडीत जायला लागले. मी ऑफिसात रात्रपाळी मागून घेतली. मागून! पगारात थोडा फरक पडतो, हे खरं. पण लोकांना "शिफ्ट बदलली ना" असं सांगता येतं, हे जास्त खरं. रात्री साडेनऊला लॉगिन, पावणेनऊला कॅब. ग्रुप म्यूट, मग अर्काइव्ह. रविवारी मी पहाटेची मिस्सा धरली. तिथे सगळे पेन्शनर असतात आणि कुणी कुणाला ओळख दाखवत नाही, कारण चष्मे घरी विसरलेले असतात.

धर्म सोडला नव्हता, हे मी स्वतःलाच बजावत होते. मिस्सा चुकत नव्हती. फोनवर रोजचं वाचन यायचं. ईस्टरनंतरच्या सोमवारी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले. मी रात्रपाळी करून झोपले होते, चारला उठले तर अर्काइव्हमधून १३७ मेसेज. साडेसातला सगळे जपमाळेला जमणार होते. माझी कॅब पावणेनऊची. चर्च चालत बारा मिनिटांवर. मी कपडे इस्त्री केले, सगळे, अगदी पिलोकव्हरसुद्धा.

२ ऑगस्टला रोममध्ये तरुणांचा जागरणविधी होता. तोर व्हेर्गाताच्या मैदानावर, नवे पोप लिओ. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र, शनिवार असल्यामुळे मला सुट्टी. बेडवर पडून मोबाइलवर लावलं. दहा लाखांच्या आसपास लोक, म्हणे. आराधना सुरू झाली आणि ते सगळे एकदम गप्प झाले. एवढ्या माणसांची शांतता मोबाइलच्या स्पीकरमधून कशी ऐकू येते माहितीये? नेट गेल्यासारखी. मी दोनदा वायफाय तपासलं. मग कळलं की ते गुडघ्यांवर आहेत. माझ्या खोलीत फक्त पंख्याची करकर. मी पालथी पडून बघत होते, उठून बसावं का एवढाच विचार मनात आला आणि तेवढ्यात बॅटरी संपली.

वही या सगळ्या काळात माझ्या कपाटात होती, थंडीच्या चादरींखाली. मला ती आठवत नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

*

१५ ऑगस्ट, शुक्रवार. क्लायंट अमेरिकेचा, त्याला आपल्या स्वातंत्र्याचं काय? मी रात्रभर काम करून सकाळी झोपले होते. अकरा वाजता बेल. खाली दुसऱ्या दिवशीच्या दहीहंडीचे स्पीकर लावून बघत होते, "हॅलो हॅलो, माइक चेक", त्यामुळे आधी बेल ऐकूच आली नाही.

दारात अंबरनाथची ताई. छत्री टपकतेय, खांद्याला ऑफिसची बॅग.

"वही कुठे आहे?"

"कुठली?"

"कुठली काय? विनंत्यांची. नऊ महिने आम्ही बिलांच्या मागे लिहितोय."

आत येऊन तिने बॅगेतून एक गठ्ठा काढला, रबरबँड लावलेला. डीमार्टची बिलं, मेडिकलच्या पावत्या, एका लग्नपत्रिकेचं पाकीट, पासाची झेरॉक्स. सगळ्यांच्या पाठी वेगवेगळ्या अक्षरांत. "हे वहीत उतरवून काढ. डीमार्टच्या बिलावरचं आधी उतरव, त्याची शाई उडते."

'कशी आहेस' नाही, 'तुझी आठवण येते' नाही, 'ये ना परत' तर नाहीच. ते मला एव्हाना बऱ्याच जणांनी मेसेजवर लिहिलं होतं आणि त्याला मी हसरा चेहरा पाठवून मोकळी झाले होते. 'ये ना'ला उत्तर देणं सोपं असतं. वही माझ्याकडे खरोखरच होती. आता काय उत्तर देणार?

मी चिडलेच. म्हटलं, तू अंबरनाथहून वहीसाठी येतेस, आणि माझे पप्पा अकरा दिवस... आणि मग मुरलेली बरणी फुटली. खालून स्पीकर, वरून मी. ती ओल्या छत्रीसकट ऐकत उभी राहिली.

माझं संपल्यावर म्हणाली, "नाही आले. इयर एंडिंग नव्हतं, आजारी नव्हते, काही नव्हतं. जमलं असतं. हॉस्पिटलात जाऊन काय बोलायचं ते मला कळत नाही, म्हणून नाही आले." आणि मग, "चहा कर."

चहा होईपर्यंत तिने चादरींखालून वही स्वतःच काढली. मी बाहेर आले तर ती लिहीत होती. नोव्हेंबर २०२४ची शेवटची नोंद होती तिच्याखाली, जरा जागा सोडून: 'पप्पांची बायपास.' मला विचारलं, "आता कसे आहेत?" म्हटलं, बरे आहेत, सुकेळी वाळवली यंदा. तिने पुढे लिहिलं, 'झाली. बरे.' अकाउंट्सवाली बाई, मागच्या तारखेची नोंद कशी टाकायची ते तिला माहीत. बाजूला कंसात बारीक अक्षरांत 'उशिरा' असंही लिहिलं.

तीन तास बसली. प्रार्थना वगैरे काही केली नाही. सुकेळी मात्र अर्धा डबा संपवली.

रात्री ब्रेकमध्ये मी फोनवर मागे मागे गेले. दोन वर्षांत दुसऱ्यांच्या आजारपणांवर, मयतांवर, नोकऱ्या गेल्यावर मी स्वतः पाठवलेले जोडलेले हात मोजले. एकोणतीस. त्यातल्या किती ठिकाणी गेले होते? दोन. दोन्ही घणसोलीतच, चालत.

गठ्ठा उतरवायला आठवडा लागला. नऊ महिने मी नसताना काय काय झालं ते मला असं, बिलांच्या पाठीवरून कळलं. मंगळुरीची आई गेली. व्हिसा झाला, मग रद्द झाला. एका मल्याळी बहिणीने पहिल्यांदाच मराठीत लिहिलं होतं, तीन शब्द, दोन चुका, पण काय ते इथे सांगणार नाही. आणि फेब्रुवारीतल्या एका डीमार्टच्या बिलावर, तूरडाळ दोन किलोच्या बरोब्बर मागे, श्रीरामपूरवाल्याच्या अक्षरात: 'वहीवाली किंवा वही, एक तरी परत यावी.'

*

५ सप्टेंबरच्या शुक्रवारी गेले. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, रस्त्यावर ही गर्दी. उशीर झाला. गिटारवाल्याने "वेलकम बॅक" सुरू केलं तसं ताईने "वेळ नाही, तिची कॅब आहे" म्हणून त्याला थांबवलं. कुणीतरी बुटक्या बाकावर सरकून जागा दिली. त्या रविवारी रोममध्ये कार्लो अक्युतिस या इटालियन मुलाला संत घोषित करणार होते, त्याची चर्चा चालली होती. तो १९९१चा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. "प्लेस्टेशन खेळणारा संत!" कुणीतरी म्हणालं. "आठवड्याला एकच तास," दुसऱ्याने सांगितलं. "म्हणूनच संत," तिसरा.

कॅबचं असं जमवलंय की ड्रायव्हरदादा मला घराऐवजी चर्चच्या फाटकाशी घेतात. पावणेनऊला हॉर्न वाजतो, तेव्हा विनंत्या नेमक्या निम्म्यावर असतात. मग वही पुढच्याच्या हातात देऊन मी निघते आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वॉचमनकडे येते. हे फार सोयीचं नाही. पण चाललंय.

एवढ्या वर्षांत मी बघितलंय, आमच्याकडे टिकतात कोण? ज्यांच्याकडे काहीतरी असतं. खोलीची किल्ली, गिटार, चहाचा थर्मास, वही. ज्यांचं आम्ही टाळ्या वाजवून, गाणं म्हणून स्वागत केलं त्यातले बरेच तीन शुक्रवारांत पांगले. रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, मी नावं ठेवत नाही. मला स्वतःला एका रिट्रीटमध्ये रडू फुटलंय आणि ते खोटं नव्हतं. पण रिट्रीटहून आल्यावर सोमवारी कुणी फोन करून "थर्मास तुझ्याकडे आहे का?" असं विचारलं पाहिजे. नवीन मुलगी आली की हल्ली ताई तिला आधी काहीतरी घरी न्यायला देते. मागच्या महिन्यात एकीला उगाचच दोन उशा दिल्या धुवायला. ती परत आली, उशा घेऊन.

दवाखान्याचा मेसेज आला की पहिले हात जोडणाऱ्याने जायचं, असाही एक ठराव झाला. त्याचा परिणाम एवढाच की आता मेसेज आला की पाच-दहा मिनिटं ग्रुपवर एकदम शांतता असते, रोमच्यासारखी. मग कुणीतरी लिहितं, "कुठलं हॉस्पिटल? मी वाशीला उतरतो."

वहीची आता दोनच पानं उरलीत. नवी घ्यायची की नाही यावरून मागच्या शुक्रवारी वाद झाला. गिटारवाल्याला ॲप पाहिजे. ताईला लेजर पाहिजे, जाड पुठ्ठ्याचं. मी पुन्हा एकरेघीच आणली, यंदा कव्हरवर जिराफ आहे, दुसरी शिल्लकच नव्हती. आणि ब्रेकमध्ये बसून जुन्यातलं बाकी नव्यात उतरवतेय. भावाची स्कॉलरशिप. सीए फायनल, आता सहावा अटेम्प्ट. २०२७ला सोलला कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन आहे, तर 'सोलचं तिकीट' (तोपर्यंत मी ३३ची होईन, तरुण वगळून नुसतीच प्रौढ). लोन.

'मॅनेजर बदलावा'वर जरा अडले. ज्याने ते लिहिलं होतं, तो या एप्रिलपासून स्वतःच मॅनेजर झालाय. मी त्याला विचारलं, खोडू का? म्हणाला, हो, खोड, खोड. मग दहा मिनिटांनी परत मेसेज आला: "नाही, राहू दे. आता टीमवाल्यांच्या वतीने."